त्यातला मवाळ शब्द

४ जून

वहिनी,

खुशाली मागाहून, आधी एक शंका. तू हसशील, की ही बया परमुलखात जाऊन नोकरीला लागली तरी इंग्रजीची वही घेऊन अजून माझ्याच दारात. हस पोटभर. पण उत्तर लवकर पाठव.

इग्नोर, ओव्हरलुक आणि निग्लेक्ट. या तिघांत फरक काय? इथल्या कपाटात एक जुनी डिक्शनरी आहे. तिच्यात तिन्ही शब्दांचा अर्थ एकमेकांच्याच आधाराने दिलाय. एकाकडे गेलं की तो दुसऱ्याकडे पाठवतो, दुसरा तिसऱ्याकडे.

कारण सांगते. आमच्या वृद्धाश्रमात माझ्या मजल्यावर एक आजी आहेत. दिवसभर खिडकीशी बसून असतात, म्हणून मी त्यांना खिडकीवाल्या आजी म्हणते. मागच्या आठवड्यात त्या न्हाणीघरात चाकांच्या खुर्चीवरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. मी तेव्हा तिथे नव्हते, वरच्या मजल्यावर होते. ते सगळं लिहीत बसत नाही, तू उगाच काळजी करशील. मॅनेजरसाहेबांना माझं लेखी म्हणणं हवंय, इंग्रजीत. त्यांनी मला समोर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "घाबरू नकोस. फक्त एवढं लिही, की तू इग्नोर केलंस, ओव्हरलुक केलंस की निग्लेक्ट केलंस. शब्द तुझा तू निवड." मॅट्रनबाई शेजारीच उभ्या होत्या. त्या जमिनीकडे बघत होत्या.

तर त्यातला सगळ्यात मवाळ कोणता, तेवढं कळव. मला उद्धट दिसायचं नाही आणि गयावया केल्यासारखंही नको.

फोन का नाही केलास म्हणशील. फोन साहेबांच्या टेबलावर असतो, आणि त्यांना न कळणाऱ्या भाषेत बोललेलं त्यांना खपत नाही. पत्रं मी इथल्या स्वयंपाकघरातल्या ताईकडे देते, ती बाहेर टाकते.

अप्पांची तब्येत कशी आहे? हल्ली तुझ्या पत्राखाली ते चार ओळी का लिहीत नाहीत? दादाला यातलं काही सांगू नकोस. तो लगेच आवाज चढवेल, आणि त्याचा आवाज इथवर पोचायचा नाही.

तुझी,
खारू

१५ जून

खारूताई,

तुझं पत्र आलं आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू दोन वेण्या घालून माझ्यासमोर स्पेलिंगं घोकायचीस. नणंदेला शिकवणारी पहिलीच भावजय असेन मी. तुझी शंका म्हणजे माझा जुना हक्क.

ऐक. ओव्हरलुक म्हणजे दिसलंच नाही. शर्टाला इस्त्री केली, बाहीचं बटण तुटलेलं होतं, ध्यानात आलं नाही. इग्नोर म्हणजे दिसलं आणि मुद्दाम तोंड फिरवलं. तुझ्या दादाला गळका नळ दिसतो, पेपरही दिसतो, आणि तो पेपर उचलतो, तसं. तू ओव्हरलुक लिहिलंस तर विचारतील, डोळे कुठे होते? इग्नोर लिहिलंस तर निर्दय ठरशील.

निग्लेक्ट मला विचारशील तर तिघांत मवाळ. करायचं मनात होतं, राहून गेलं. सभ्य माणसं पत्रात सर्रास लिहितात, 'आय निग्लेक्टेड टू थँक यू.' त्यात दुष्टपणा नाही, कामचुकारपणा नाही. माणसाला हात दोन आणि कामं ढीगभर, एखादं मागे राहणारच. त्याला कोणी गुन्हा म्हणत नाही. म्हणूही नये! असं म्हणणाऱ्यांनी एक दिवस तरी करून बघावं.

तेव्हा 'आय निग्लेक्टेड टू चेक द चेअर' असं लिही, पुढे सॉरी म्हण, आणि मोकळी हो.

इकडे सगळं ठीक. अप्पा ठीक आहेत. त्यांचा हात जरा दुखतो, म्हणून चार ओळी नाहीत. शाळेचं नवीन काही नाही.

तुझी,
वहिनी

९ जुलै

वहिनी,

मोकळी झाले नाही.

तू सांगितलंस तसंच लिहिलं. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "वाक्य लांबतंय. 'टू चेक' कशाला? पेशंटचं नाव घाल, झालं." घातलं. मला वाटलं, तेवढेच दोन शब्द कमी. मी सही केल्यावर ते म्हणाले, "व्हेरी ऑनेस्ट." माझ्या पाठीवर थाप मारायची तेवढी बाकी होती.

दुसऱ्या दिवशी माझी मजल्यावरची ड्यूटी काढून घेतली आणि मला तळघरात लॉन्ड्रीत बसवलं. आता दिवसभर चादरी. ओल्या चादरी यंत्रातून उपसायच्या, रोलरखालून काढायच्या, चौघड्या करून ढिगावर ठेवायच्या. ढीग हातावेगळा होतो तोवर वरून दुसरा येतो. छताला लागून एक जाळीची खिडकी आहे, तिच्यातून गाड्यांची चाकं आणि माणसांची पावलं दिसतात. चेहरे दिसत नाहीत. वाफेने तीही धूसर होतात.

रविवारी साबण आणायला म्हणून फाटकाशी गेले तर वॉचमन आडवा आला. बिचारा ओशाळला होता. साहेबांकडे गेले. म्हटलं, "मला डिटेन केलंय का?"

"छे छे! डिटेन्ड नाही. चौकशी संपेपर्यंत रिस्ट्रिक्टेड, एवढंच."

"माझा पासपोर्ट?"

"तो कुणी जप्त थोडाच केलाय? माझ्या कपाटात सुरक्षित आहे."

वहिनी, इथे प्रत्येक गोष्टीला एक वाईट शब्द आहे. मी तो उच्चारला की हे मला समजावतात, की तो नव्हे, त्याचा धाकटा भाऊ. आणि दार दोघांनीही सारखंच बंद होतं.

स्वयंपाकघरातल्या ताईला मी काय लिहून दिलं ते सांगितलं. तिच्या हातातला डाव तसाच राहिला. "निग्लेक्ट? तू स्वतःच्या हाताने लिहिलंस? वेडी आहेस का खुळी? म्हाताऱ्या माणसाला उपाशी ठेवलं, घाणीत लोळू दिलं, की तो शब्द लावतात आपल्या कामात. त्याच्यावर माणसं तुरुंगात गेलीत." परवा आजींची मुलगी आली होती. वरच्या मजल्यावर ओरडत होती. शब्द नीट ऐकू आले नाहीत, पण तेवढा एक खाली माझ्यापर्यंत आला.

तू मुद्दाम काही केलं नाहीस, मला माहीत आहे. पण मला एक सांग, मी आता काय करू? इथून मला जाताही येत नाही आणि इथे मला कुणी ठेवूनही घेणार नाही.

खारू

२० जुलै

खारूताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. नंतर तोंड धुऊन शेजारच्या वकीलबाईंकडे गेले. त्यांनी तुझं वाक्य दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "निग्लेक्टेड टू म्हणजे एक काम राहून गेलं. 'टू' काढून माणसाचं नाव घातलंत की तो आरोप होतो. आणि ज्यांच्या हाती माणसं सोपवलेली असतात, त्यांच्याबाबतीत हा शब्द साधा नसतोच." एवढी वर्षं शिकवतेय मी. मला हे सुचायला हवं होतं. सुचलं नाही, कारण मला ते सुचायला नको होतं. आता ते सांगतेच, नाहीतर तुझ्याशी खोटं बोलत राहीन.

अप्पांचा हात दुखत नाही, उजवा हात गेलाय. तू गेल्यावर दोन महिन्यांत त्यांना झटका आला. उजवी बाजू पूर्ण गेली, बोलणं तुटक झालं. तुझा दादा म्हणाला, तिला कळवून काय उपयोग, ती नुकती कुठे रुजू झालीय. मलाही पटलं. मी शाळेतून रजा घेतली, रजा संपली, मग राजीनामा दिला. दादा सकाळी जातो, दिवेलागणीला येतो. बाकी मी, अप्पा आणि ती मागची खोली. खाली भाजीवाला आला तर मी खिडकीतून ओरडून घेते. वकीलबाईंकडे गेले तेही अप्पांना झोप लागल्यावर, दाराला बाहेरून कडी घालून. आणि तिथे बसल्या बसल्या माझा जीव त्या कडीतच अडकला होता.

मे महिन्यात अप्पांच्या माकडहाडाशी जखम झाली. डॉक्टर आले, त्यांनी चादर उचलली आणि माझ्या डोक्यावरून तुझ्या दादाला इंग्रजीत म्हणाले, "धिस इज प्लेन निग्लेक्ट." जसं काही या बाईला ते कळणारच नाही. मी तिथेच उभी होते, हातात भांडं घेऊन. तुझा दादा काही बोलला नाही. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. फक्त तेव्हापासून घरी आला की आधी चादर उचलून बघतो, मग हातपाय धुतो.

तर मला तो शब्द मवाळ हवा होता, खारू. तू विचारलंस आणि मी तो माझ्यासाठी मवाळ करून घेतला. त्यात तू अडकलीस.

रडून झालं. आता कामाचं. तुझ्या साहेबांनी तुला तीन शब्द दिले आणि निवड म्हणाले. आपण दोघी निवडत बसलो. त्या तिन्ही वाक्यांचा कर्ता तू आहेस, हे शिकवायचा धंदा असून माझ्या ध्यानात आलं नाही. कर्ता दुसरा कोणी असू शकतो, असा चौथा पर्याय त्यांनी ठेवलाच नव्हता.

तेव्हा शब्द सोड. त्या दिवशी घडलं ते मराठीत लिहून पाठव, जसं मला सांगशील तसं. अमकी वाईट, तमका लबाड, असं एकही विशेषण नको. जे तू पाहिलं नाहीस ते लिहू नकोस. मी त्याचं इंग्रजी करते. वकीलबाई म्हणतात, दुसरं म्हणणं देता येतं.

आणि रागाव माझ्यावर. पण पत्र लिही.

वहिनी

३ ऑगस्ट

वहिनी,

रागावले. आधी दादावर, मग तुझ्यावर, मग अप्पांवरसुद्धा, की त्यांनी तरी डाव्या हाताने दोन अक्षरं खरडायची. चादरींच्या घड्या अशा आपटल्या की शेजारच्या यंत्रावरची बाई दचकली. नंतर राग उतरला आणि मला तुझी ती खोली दिसायला लागली. मी इथे पगार घेऊन जे करत होते, ते तू तिथे एकटी करतेस.

म्हणून आधी अप्पांचं. मी हे काम शिकलेय, तेव्हा माझं ऐक. झोपून असलेल्या माणसाला एका कुशीवर फार वेळ ठेवायचं नाही, कूस बदलत राहायचं. गुडघ्यांमध्ये उशी. टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत. लाल झालेली जागा चोळायची नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्यांना ओढून वर सरकवायचं नाही. खाली चादर घालून दोन बाजूंनी दोघांनी उचलायचं. आमच्याकडे एका माणसाला वळवायला दोघीजणी लागतात, एकटीने करायचं नाही असा नियमच आहे. एकटीने केलं की कातडी घासली जाते. तू कितीही जपून केलंस तरी. ती जखम तू काही केलं नाहीस म्हणून झालेली नाही, दुसरे दोन हात तिथे नव्हते म्हणून झालीय.

तू मला इंग्रजी शब्द समजावलेस, मी तुला आपले सांगते. चादरी घडी करताना हेच डोक्यात चालू असतं. दुर्लक्ष, हयगय, हेळसांड. हे म्हटलं की लगेच कुणाकडे तरी बोट जातं. पण आपल्याकडे आबाळ असाही शब्द आहे. आबाळ होते. घरात माणूस कमी पडलं की होते. अप्पांची आबाळ झाली. तुझीही झालीय, ती कुणी चादर उचलून बघितली नाही एवढंच.

सोबत दादासाठी वेगळी चिठ्ठी आहे. ती त्याला दे. वाचू नकोस, त्यात मी जरा बोललेय.

आता त्या दिवसाचं. सकाळी आम्ही मजल्यावर दोघीच होतो. एरवी चौघी असतो. एक आजारी होती आणि एकीची बदली होऊन तिच्या जागी कोणी आलं नव्हतं. न्हाणीघरातल्या खुर्चीचा पट्टा तुटलेला होता. मी ते आदल्या आठवड्यात मॅट्रनबाईंना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "वर कळवलंय." मी आजींना आंघोळीसाठी खुर्चीवर बसवलं. पट्टा नाही म्हणून मी एका हाताने त्यांचा खांदा धरला होता. आजी मला सांगत होत्या की पाणी कोमट आहे, तुझ्या मनासारखं नाही, माझ्या मनासारखं कर.

तेवढ्यात मॅट्रनबाई दारात आल्या. म्हणाल्या, "वरच्या मजल्यावर एका आजोबांना फिट आलीय, तिथे कोणी नाही. तू जा."

मी म्हटलं, "पट्टा तुटलाय. यांना सोडून कशी जाऊ?"

"मी आहे ना इथे. मी धरते. पळ."

त्यांनी येऊन आजींचा खांदा धरला. मी तो हात बघितला आणि मगच निघाले. वर आजोबांना कुशीवर केलं, ते शुद्धीवर येईपर्यंत थांबले. खाली आले तेव्हा आजी फरशीवर होत्या आणि मॅट्रनबाई धावत आत येत होत्या. मधल्या वेळात त्या कुठे होत्या ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आजी माझा हात धरून म्हणत होत्या, "पाणी गार झालं ग."

एवढंच घडलं. हे मी साहेबांना तोंडी सांगितलं होतं. ते म्हणाले, "एवढी गोष्ट कागदावर मावणार नाही. एक शब्द सांग."

खारू

१४ ऑगस्ट

खारूताई,

सोबत इंग्रजी आहे. एक पान. एकही शब्द तुझ्याकडचा कमी केला नाही, माझा एकही घातला नाही. मुलींना मी नेहमी सांगायचे की पॅसिव्ह व्हॉइस टाळा. इथे मात्र ठसठशीत ठेवलाय. 'आय वॉज सेंट अपस्टेअर्स.' मॅट्रनबाईंबद्दल तू जेवढं लिहिलंस तेवढंच आहे. त्यांनी खांदा धरला हे आहे, त्या कुठे होत्या ते तुला माहीत नाही हेही आहे. वकीलबाई म्हणाल्या, तेच ठेवा, माहीत नाही असं म्हणणाऱ्याचं बाकीचं खरं वाटतं.

हा कागद साहेबांच्या हातात देऊ नकोस. बाहेरचा अधिकारी चौकशीला येईल त्याला दे. नाहीतर आजींच्या मुलीला. तिला तोंड दाखवायला तुला धीर होणार नाही, ठाऊक आहे मला. पण तिलाच दे.

आता तुझी चिठ्ठी. तुझ्या दादाने ती उभ्याउभ्या वाचली, घडी करून खिशात घातली आणि जेवायला बसला.  मला वाटलं, संपलं. सकाळी मी अप्पांना वळवायला गेले तर हा मागे येऊन उभा. बाह्या सारलेल्या.

"कुठून धरू?"

मी म्हटलं, "ऑफिसला उशीर होईल."

"होऊ दे. कुठून धरू ते सांग."

आम्ही चादर धरून अप्पांना उचललं. पहिल्या खेपेला याने इतक्या जोरात उचललं की अप्पा माझ्या अंगावरच येत होते. अप्पा तुटक तुटक म्हणाले, "पोतं... नाही... मी." किती दिवसांनी या घरात तिघं एकदम हसलो. नंतर दादा न्हाणीघरात गेला आणि बराच वेळ नळ सोडून आत राहिला. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. म्हणाला, "मी डॉक्टरला काहीतरी बोलायला हवं होतं." मी हो म्हटलं. असू दे म्हणाले नाही. तेवढ्यातून मी त्याला सोडवलं नाही.

पण दिवसभर मी अजून याच खोलीत आहे. तुझी खिडकी छताला आहे, माझी भिंतीला. एवढाच फरक.

वहिनी

६ सप्टेंबर

वहिनी,

दिला कागद. आजींच्या मुलीलाच.

मी तिच्याकडे जाणार तरी कशी होते? तीच खाली आली. आजींना ती आता दुसरीकडे हलवतेय, म्हणून त्यांचे कपडे न्यायला. लॉन्ड्रीच्या दारात उभी राहिली आणि मला बघून तिचा चेहरा दगडासारखा झाला. मी आजींचे कपडे ढिगातून एकेक काढून दिले. मग कागद पुढे केला. 

तिने वाफेत उभं राहूनच वाचलं. मग म्हणाली, "मग तू तो शब्द का लिहिलास?"

"मला तीन दिले होते. मी त्यातला मवाळ विचारून घेतला."

तिने कागद खाली केला. "तुला कोणी सांगितलं नाही, की यातला एकही न घेता येतो?"

मी मान हलवली. तिने कपड्यांच्या घडीत कागद ठेवला आणि गेली.  मला वाटलं, हाही कागद गेला.

पण पुढच्या आठवड्यात तोच कागद घेऊन बाहेरच्या अधिकारी बाई आल्या आणि मला वर बोलावलं. मोठं टेबल. एका बाजूला साहेब, एका बाजूला मॅट्रनबाई. साहेबांनी मी सही केलेला पहिला कागद पुढे सरकवला. "तिच्या स्वतःच्या हस्ताक्षरात आहे. दुसरं म्हणणं तिने नंतर कुणाकडून तरी शिकून लिहिलंय."

अधिकारी बाईंनी मला विचारलं, "हा शब्द लिहिताना तुला त्याचा अर्थ माहीत होता?"

"नव्हता. आता आहे."

"मग आता काय म्हणतेस?"

वहिनी, मला एक शब्द सुचेना. इंग्रजी नाही, मराठी नाही.  मी एवढंच म्हटलं, "मी तो हात बघितला आणि मगच निघाले."

 मग मॅट्रनबाईंनी दोन्ही हात टेबलावर ठेवले, जसं काही कुणी तपासायला मागितलेत. म्हणाल्या, "माझा हात. मी धरला होता. साहेबांनी ऑफिसात बोलावलं, ताबडतोब या म्हणाले. मी म्हटलं पेशंट एकट्या आहेत. ते म्हणाले, एक मिनिट. मी सोडला." साहेब काहीतरी म्हणायला लागले तर त्या त्यांच्याकडे न बघताच पुढे बोलत राहिल्या. पट्ट्याबद्दल, माणसं कमी असल्याबद्दल, त्यांनी किती वेळा वर सांगितलं त्याबद्दल. शेवटी म्हणाल्या, "ती लिहू शकली असती की मी पळून गेले. तिने लिहिलं, माहीत नाही. म्हणून मी सांगतेय."

त्या इथे इतकी वर्षं आहेत आणि मला नेहमी वाटायचं, या बाईंना सगळी दारं उघडी. त्यांनाही कुठे जायला जागा नव्हती.

माझ्यावरचा ठपका काढला. साहेबांना घरी बसवलंय, पुढचं वरचे लोक ठरवतील. मॅट्रनबाईंचीही नोकरी गेली. जाताना त्यांनीच माझा पासपोर्ट आणून हातात ठेवला. मी काही म्हणणार तर म्हणाल्या, "आता नको." पहिला कागद मात्र फायलीतच राहणार. अधिकारी बाई म्हणाल्या, खोडता येत नाही, त्याच्या मागे दुसरा जोडता येतो. म्हणजे तो शब्द माझ्या नावापुढे आयुष्यभर असणार आणि त्याच्या पाठीमागे एक पान खुलासा.

मला मजल्यावर परत घेतलंय. पण मी विचार करतेय, सोडून यावं. अप्पांचं मी बघेन. मला ते येतं. तू शाळेत जा.

खारू

२० सप्टेंबर

खारूताई,

तुझं पत्र मी अप्पांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं, उजवा नुसता बघत राहिला. तुझ्या दादाने ते स्वतः पुन्हा वाचलं, आणि मॅट्रनबाईंच्या जागेवर आला तेव्हा थांबला. "बोलली बाई," म्हणाला. बस.

आता माझं ऐक. अप्पांसाठी येऊ नकोस. तुला ते येतं, म्हणूनच येऊ नकोस. एकीच्या जागी दुसरी बसली तर खोली तीच राहते, फक्त आतली बाई बदलते. मग तू तिथून सुटून इथे अडकशील, आणि मी शाळेत फळ्यासमोर उभी राहून तुझाच विचार करीन. त्याला सुटका म्हणत नाहीत.

इथे असं ठरलंय: दादाने ऑफिसात सकाळची पाळी बदलून दुपारची मागितली. मिळाली. सकाळी तो असतो. मी मुख्याध्यापिकाबाईंकडे जाऊन आले. त्या म्हणाल्या, पूर्ण नोकरी नाही, पण सकाळचे दोन तास घ्या. काल पहिला होता. नववीचा वर्ग, तीस-चाळीस डोळे माझ्याकडे, आणि माझं सगळं लक्ष घराकडे. मध्येच थांबले. एक मुलगी म्हणाली, "बाई, वाक्य अर्धंच राहिलं." घरी आले तर दादाने अप्पांना खिमटासारखं काहीतरी भरवलं होतं, निम्मं त्यांच्या सदऱ्यावर. मी बोलले नाही. सदरा बदलला.

अजूनही मी दारातून निघताना दोनदा मागे वळते. ते जाईल की नाही माहीत नाही. पण निघते.

यायचं तर माहेरपणाला ये, खुशाल लोळायला ये. आणि राहायचं तर राहा. दोन्हींत तू काही टाकून गेलीस असं होत नाही.

वहिनी

५ ऑक्टोबर

वहिनी,

तुझं पत्र वाचलं. माहेरपणाला येईन, पुढच्या उन्हाळ्यात. तोवर राहतेय. नवीन मॅट्रन आल्यात. न्हाणीघरात नव्या खुर्च्या आल्यात. मी मजल्यावर एकटी असले की अजून कुणालाही सोडून दारापर्यंतसुद्धा जात नाही. परवा वरून हाक आली तर मी तिथूनच ओरडले, "दुसरी कोणी येईपर्यंत मी हलणार नाही!" सगळे बघायला लागले. बघू देत.

आज सुट्टी होती. सकाळी मी फाटकाशी गेले. वॉचमनने मला बघून दार उघडलं, न विचारता. मी थांबले. म्हटलं, "जाऊ?" तो गोंधळला. म्हणाला, "मला कशाला विचारता?"

बाहेर आले. समोर बसचा थांबा आहे. त्या जाळीच्या खिडकीतून मी याच बसची चाकं बघायचे, एवढे दिवस मला माहीत नव्हतं की ती हिरवी आहे. थांब्यावर उभी राहिले. एक बस आली, माणसं चढली, गेली. मी उभीच. दुसरी आली. तीही सोडली. मला सारखं वाटत होतं की कुणीतरी मागून हाक मारील, आणि मी मागे वळून बघायचे. फाटक उघडंच होतं, वॉचमन पेपर वाचत होता, माझ्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. मला परत आत जावंसं वाटलं, वहिनी. खरंच वाटलं. आत निदान चादरी ठाऊक होत्या.

तिसरी आली तेव्हा एक म्हातारी बाई चढत होती. तिला पायरी उंच पडत होती. मी कोपराला आधार द्यायला पुढे झाले आणि तिच्यामागोमाग वर चढले. दार बंद झालं, गाडी हलली. कंडक्टरने विचारलं, कुठे? मला कुठलंच नाव माहीत नव्हतं. म्हटलं, शेवटपर्यंत.

शेवटचा थांबा म्हणजे एक मोकळं मैदान आहे. कडेला बाक आहेत. मुलं चेंडू खेळताहेत, एक माणूस सायकल उलटी करून चाक दुरुस्त करतोय. ऊन छान पडलंय. त्या बाकावर बसून हे लिहितेय.

परतीची बस कधी आहे, ते अजून विचारलेलं नाही.

तुझी,
खारू